एकतीस जागी आप्पा

"पात्र म्हणजे लेखकाचं लेकरू, हे थोतांड आहे. पात्र हा लेखकाचा नोकर. त्याला काय म्हणून हाक मारायची, हे मालकानं ठरवायचं!" आप्पांनी जाहीर केलं.

"मीही असंच म्हणायचो," सिंकखालून आवाज आला. "पाना द्या जरा."

आप्पांनी पाना दिला. एक्केचाळीस रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाचं विचारधन झेलायला त्या दुपारी स्वयंपाकघरात नळवाल्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याचीही फक्त पावलं दिसत होती. पाना घ्यायला पुढे आलेल्या हाताच्या मधल्या बोटावर, पेरापाशी, निळ्या शाईचा जुना डाग होता. नळवाल्याच्या बोटाला शाई कशाला, असं आप्पांच्या मनात येऊन गेलं. पण आचारी जसा परक्या लग्नात भाजी चाखत बसत नाही, तशी रहस्यं लिहिणाऱ्याला फुकटची रहस्यं सोडवायची हौस नसते. नळ काही गळायचा थांबला नाही. "परत कुणाला तरी यावं लागेल," म्हणून नळवाला गेला.

आप्पा पात्रांना नावं देत नसत. नाव दिलं की पात्र लाडावतं, असं त्यांचं मत. दारात उभं असेपर्यंत 'एक माणूस'. उंबरठा ओलांडला की धंदा: शिंपी, वकील, कंपाउंडर. नातं अगदी शेवटी, आणि तेही हात राखून. कारण ज्याला नातं मिळालं, तो मग घरातून हलत नाही.

घरात आप्पा आणि त्यांची लेक, दोघंच. ती औषधांच्या दुकानातून दुपारी परतली की जेवणाच्या टेबलावर त्यांची हस्तलिखितं टाइप करायची. प्रत्येक वाक्य पुटपुटल्याशिवाय तिची बोटं चालत नसत.

बेचाळिसाव्या कादंबरीत एक घड्याळजी होता. कपाळावर भिंग चढवलेला, बोलण्याआधी दोनदा खाकरणारा. नवव्या प्रकरणात त्याची मुलगी त्याला मागून हाक मारते. काय म्हणून मारावी? आप्पांना भूक लागली होती. हाताशी होता तोच शब्द त्यांनी लिहून टाकला.

"अरे वा, तुझं 'आप्पा' त्याला देऊन टाकलंस?" लेकीनं पान वाचून विचारलं.

"वापरायला दिलंय. पुस्तक संपलं की काढून घेऊ."

आठवडाभर ती टाइप करत होती. "आप्पा, दमलास का?" ती पुटपुटायची आणि आप्पा खोलीतून ओरडायचे, "नाही गं!"

"तुला नाही विचारलं!"

दोघंही पोट धरून हसायची.

मग पॅसेजमधलं, सहा वर्षं बंद पडलेलं घड्याळ चालायला लागलं.

"आप्पानं केलं," लेक म्हणाली.

"मी हातसुद्धा लावला नाही."

"तुम्ही कशाला लावाल?"

तुम्ही. बोलायला शिकल्यापासून आप्पांना तिनं कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून जीभ वळली असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाचा फोन आला. "हो, आमच्याकडचे लेखक घरीच आहेत. देऊ का त्यांना?" असं ती म्हणाली, तेव्हा तर आप्पा सुखावलेच. एक्केचाळीस पुस्तकं झाली, तरी घरात त्यांना लेखक असं कुणी म्हटलं नव्हतं. आता घरचंच माणूस म्हणतंय म्हटल्यावर आपणही त्यांना लेखकच म्हणू.

तर लेखक जेवायला आले. टेबलावर तीन ताटं होती.

"हे कुणाचं?"

"आप्पाचं. हात धुतोय तो. तुम्ही बसा ना, संकोच करू नका."

बेसिनपाशी कुणीतरी दोनदा खाकरलं.

लेखक घाबरले नाहीत. त्यांचा आपल्या सिद्धांतावर पूर्ण भरवसा होता. नोकर डोक्यावर बसला तर दिलेला मान काढून घ्यायचा, इतकी सोपी गोष्ट. ताटावरून उठून ते खोलीत गेले, हस्तलिखित पुढ्यात ओढलं, लाल पेन काढलं. 'आप्पा' एकतीस जागी होता. एकूण एक जागी तो खोडायचा. मग बघू.

दहाव्या रेघेला खिशातला चष्मा सापडेना. अक्षर मात्र दिसत होतं.

विसाव्या रेघेला त्यांची नजर समोरच्या फोटोवर गेली. चार वर्षांची लेक बापाच्या खांद्यावर बसली होती. बापाच्या कपाळावर भिंग होतं.

हातातलं काम अर्धवट टाकायची त्यांना सवय नव्हती.

एकतिसावी रेघ त्यांनी पट्टी लावून मारली.

स्वयंपाकघराच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

लेकीनं वळून पाहिलं. "कोण? अच्छा, नळवाले! या ना, दार उघडंच होतं का? आप्पा, आले बघ एकदाचे."

टेबलाशी बसलेल्या आप्पांनी कपाळावरचं भिंग वर सारलं. दोनदा खाकरले. "बरं झालं. कधीचा गळतोय."

"अगं, मी..." माणूस म्हणाला. "मी तुझा..."

पुढचा शब्द आठवेना. तो त्यानं नुकताच स्वतःच्या हातानं खोडला होता. एकतीस वेळा.

ती हसली, परक्यांशी हसावं तशी, आणि हातातल्या डावानं सिंक दाखवलं.

नळवाला खाली वाकला, पाठीवर झोपला, आत सरकला. आतली फरशी गार होती. कॉलरमध्ये पाणी ठिबकत होतं. पॅसेजमधलं घड्याळ अगदी वेळेवर चाललं होतं. वर खुर्ची मागे सरली, कुणाचीतरी पावलं सिंकपाशी येऊन थांबली.

"खरं सांगू का?" आप्पा म्हणाले. "पात्र म्हणजे लेखकाचं लेकरू, हे थोतांड आहे. पात्र हा नोकर. त्याला काय म्हणून हाक मारायची, हे मालकानं ठरवायचं!"

नळवाल्यानं हात बाहेर काढला. मधल्या बोटावरच्या निळ्या डागावर थेंब पडला. डाग गेला नाही.

"मीही असंच म्हणायचो," तो म्हणाला. "पाना द्या जरा."