मांडीवरची वेबसाइट

सोलापूरच्या सात रस्ता चौकात शेअर रिक्षा थांबली तेव्हा आत एकच जागा उरली होती. शेजारच्या मुलीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मल्लिनाथ अंग चोरून बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं घाईघाईनं उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "नंतर करतो... शेजारी बाळ झोपलंय."

मुलीनं वळून पाहिलं. मोठे, किंचित दमलेले डोळे. ओठ घट्ट मिटलेले, पण एका कोपऱ्यातून हसू निसटत होतं.

नवी पेठेच्या अलीकडे रिक्षा खड्ड्यात आदळली. मल्लिनाथचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यानं बाळाचं डोकं सावरलं.

डोकं चौकोनी होतं. पत्र्याचं. चादरीचं टोक घसरलं आणि आतून कॉम्प्युटरचं बटण डोकावलं.

"हे... तुमचं?"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "आमची वेबसाइट."

मल्लिनाथ इतक्या मोठ्यानं हसला, की रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "माफ करा हं. पण वेबसाइट मांडीवर घेऊन फिरणारी मुलगी आज पहिल्यांदाच बघतोय."

"आणि दुसऱ्याच्या वेबसाइटच्या डोक्यावर हात ठेवणारा मुलगा मीही पहिल्यांदाच बघतेय. काढा आता."

त्यानं हात काढला. कान लाल झाले होते. ते तिनं पाहिलं, आणि लगेच बाहेर बघू लागली.

तिचं नाव वैजयंती. ती अंध मुलांच्या शाळेत इतिहास शिकवायची. बारावीची पुस्तकं तिनं स्वतःच्या आवाजात वाचून रेकॉर्ड केली होती, आणि गावोगावची मुलं ती मोबाइलवर ऐकून अभ्यास करायची. ती सगळी वेबसाइट चालायची या एका जुन्या मशीनवर, पूर्व भागातल्या तिच्या घराच्या माळ्यावर. लाइट गेली, की वेबसाइट गेली. आणि कालपासून तर मशीनचा पंखा रडत होता.

नवी पेठेतल्या दुकानात दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून मान हलवली. "पंखा बदलतो ताई. पण डिस्कचं काही खरं नाही. आज आहे, उद्या नाही."

वैजयंतीचा चेहरा उतरला. मागून आवाज आला, "हे घरात ठेवूच नका. क्लाउडवर टाका."

रिक्षातून उतरून तो सरळ तिच्या मागोमाग दुकानात आला होता.

"क्लाउड म्हणजे ढग ना?" ती म्हणाली. "सोलापूरच्या माणसाला ढगांवर भरवसा ठेवायला सांगताय? कुठले तुम्ही?"

दुरुस्तीवाला खो खो हसला. मल्लिनाथ म्हणाला, "अक्कलकोटचा. तिकडंही ढगांनी कधी शब्द पाळला नाही... पण हेच माझं काम आहे. पुण्याच्या कंपनीचं करतो, इथं घरून. चहा संपेपर्यंत ऐका. नाही पटलं, तर तुमचं हे बाळ मी मांडीवर घेऊन घरी पोचवतो."

चहा संपला. दुसरा आला. मल्लिनाथ बोलत होता आणि बोलता बोलता त्याचे हात हवेत इमारती उभ्या करत होते.

"आमच्याकडं महाप्रसादाला मी वाढायला असायचो. दारात एक मामा उभे असत. कुठली पंगत रिकामी ते बघून माणसं आत सोडायचे. क्लाउडवर त्या मामांना लोड बॅलन्सर म्हणतात. आत वाढपी दोन, म्हणजे दोन सर्व्हर. एक दमला तर दुसरा वाढतो, जेवणाऱ्याला कळतही नाही."

"आणि ते दोघं एकाच घरात? घराचीच लाइट गेली तर?"

त्यानं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "म्हणूनच दोघं वेगवेगळ्या इमारतींत ठेवायचे. तुमची रेकॉर्डिंग वाढप्यांकडं ठेवायचीच नाहीत. त्यांचं कोठीघर वेगळं असतं, स्टोरेज म्हणतात त्याला. वाढपी बदलला तरी कोठी भरलेली."

"कुठल्या मुलानं कुठपर्यंत ऐकलंय, ते कोण लक्षात ठेवणार?"

"डेटाबेस. आणि त्याची जुळी प्रत कायम तयार. एक आजारी पडला, की जुळा उठून उभा."

"म्हणजे कुणीच एकटं नाही," वैजयंती हळूच म्हणाली.

"कुणीच नाही." मग उगाचच कप फिरवत म्हणाला, "वाईट आहे का कल्पना?"

ती हसली... आणि मल्लिनाथला वाटलं, चहात साखर जरा जास्तच पडलीय.

तो दर शनिवार-रविवारी पूर्व भागात येऊ लागला. वैजयंतीची आई नागम्मा तेलुगू बोलायची, त्याच्या घरात कन्नड. मधे मराठी दोघांना पुरून उरायची. पहिल्या दिवशी नागम्मानं त्याला नीट न्याहाळलं, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली आणि मुलीला विचारलं, "एम्मा, हा मशीन बगायला येतो की दुसरं काय बगायला?"

"अम्मा!"

मल्लिनाथनं भाकरीत डोकं खुपसलं. चटणी तिखट होती, हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

जुन्या डिस्कवरचे धडे एकेक करून वर चढत होते. तपासण्यासाठी तो प्रत्येक फाइल थोडी ऐकायचा. वैजयंतीच्या लक्षात आलं, की तो थोडी ऐकत नाही... पूर्ण ऐकतो.

"इतिहास आवडतो वाटतं?"

"शाळेत कधी आवडला नाही," तो म्हणाला. "सनावळ्या तशाच कंटाळवाण्या आहेत. पण तह मोडल्याचं वाचताना तुमचा आवाज जरा खाली येतो ना... तिथं मला वाईट वाटतं. त्या राजाचं मला काही देणं-घेणं नसताना."

त्यानंतर एक धडा वाचताना मात्र तिला सारखं वाटत राहिलं, की कुणीतरी समोर बसून ऐकतंय.

संक्रांतीला ते गड्ड्याच्या जत्रेत गेले. पाळणा वर गेला आणि अचानक थांबला. लाइट गेली होती. खाली गर्दीचा गलबला, वर नुसती हवा. वैजयंतीनं दांडी घट्ट धरली.

"भीती वाटते?"

"नाही." तिचा आवाज कापत होता. "तुमचं ते बॅकअप... पाळण्याला नसतं का?"

"असतं की. खाली जनरेटर आहे. सुरू होईल आता." त्यानं आपला हात दांडीवर, तिच्या हाताशेजारी ठेवला. बोटं लागली नाहीत. एवढंसं अंतर राहिलं. "तोवर हा आहे. पाहिजे तर."

जनरेटर धडधडला, दिवे लागले, पाळणा फिरू लागला. तोपर्यंत ते अंतर उरलं नव्हतं. कुणाचा हात आधी सरकला, यावर पुढे त्यांचं कधीच एकमत झालं नाही.

खाली उतरल्यावर ती म्हणाली, "चल, भूक लागलीय." आणि स्वतःच दचकली. 'चला' म्हणायचं होतं.

"चल," तो म्हणाला. सगळ्या जत्रेत त्यानं तेवढाच शब्द ऐकला असावा.

जानेवारी सरता सरता वेबसाइट नव्या घरी गेली. लाइट गेली तरी धडे वाजत राहिले. मग मल्लिनाथनं वैजयंतीला शिकवायला घेतलं. सर्व्हर आजारी पडला तर कुठं दिसतं, नवा कसा उभा करायचा, बिल फुगू नये म्हणून घातलेली मर्यादा कशी वाढवायची. तो तिला पुन्हा पुन्हा करायला लावायचा. ती चुकली की हसायचा नाही, परत सांगायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिनं विचारलं, "इतकं सगळं मला कशाला? तू आहेस की."

तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलंय. पुण्याला. महिनाअखेरीला रुजू व्हायचंय."

"कधी कळलं?"

"जत्रेच्या आधी."

खालून शेजारच्या यंत्रमागांची खडखड तेवढी ऐकू येत होती.

"जत्रेच्या आधी," ती म्हणाली. "आणि पाळण्यात बसून मला म्हणालास, हा आहे."

"वैजू, मला वाटलं, मी नसलो तरी तुझं काही अडू नये..."

"छान. नाही अडणार." तिनं लॅपटॉप मिटला. "पुढचं मी बघते. तुम्ही तयारीला लागा."

'तुम्ही' हा शब्द इतका लागू शकतो, हे मल्लिनाथला त्या दिवशी कळलं. तो जिना उतरला तेव्हा नागम्मानं चटणीची पुडी त्याच्या हातात ठेवली.

इतिहासाच्या पेपरच्या आदल्या दिवशी, सकाळीच, वैजयंतीचा फोन वाजला. पूनम होती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली तिची विद्यार्थिनी. जन्मापासून दिसत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं विसरायची नाही.

"ताई, धडा उगडंना की! नुसतं गोल गोल फिरतंय म्हनं. भाऊ सांगतोय. उद्या पेपर हाय माजा, लेखनिकाला काय सांगू मी?"

वैजयंतीनं लॅपटॉप उघडला. दोन्ही सर्व्हर लाल. तिनं मल्लिनाथचा नंबर लावला, आणि रिंग जायच्या आत कापला. तो आजच निघाला होता. या वेळी पुण्याच्या बसमध्ये असेल.

स्वतःशीच पुटपुटत तिनं एकेक गोष्ट पाहिली. कोठीघर ठीक. डेटाबेस ठीक. दारातले मामा ठीक, पण त्यांच्यासमोर उसळलेली गर्दी... बापरे! कुणीतरी तिच्या धड्यांची लिंक कॉलेजांच्या ग्रुपवर टाकली होती. डोळस मुलंही तिचा आवाज ऐकत उजळणीला बसली होती. जिल्हाभरची मुलं, आणि वाढपी दोनच! मर्यादा घातलेली असल्यामुळे तिसरा उभाच राहत नव्हता.

मर्यादा कुठं वाढवायची, ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिनं आकडा बदलला, बटण दाबलं, आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली. काहीच होईना. चुकलं का आपलं? मग एक हिरवा ठिपका उगवला. शेजारी दुसरा. मग तिसरा. आणि ते दमलेले लाल दोघंही हळूहळू हिरवे झाले.

तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. तेव्हा तिला रडू आलं. कशाचं, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात मल्लिनाथ उभा. केस विस्कटलेले, शर्टावर धूळ, खांद्याला मोठी बॅग.

"फोनवर अलार्म आला," तो धापा टाकत म्हणाला. "मोहोळच्या पुढं उतरलो. परतीची बस मिळेना, टेम्पोतून आलो. काय झालंय? बघू दे..."

तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. सगळं हिरवं.

तो बघतच राहिला. "तू केलंस?"

"मी केलं."

"मग... माझी काही गरज नव्हती."

"नव्हती."

"हं." त्यानं बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला. "मग जातो. संध्याकाळची बस मिळेल."

"मल्लिनाथ, तुझ्या फोनवर लाल दिसलं, तसं हिरवं झालेलंही दिसलं असेल ना?"

तो थांबला.

"टेम्पोत बसायच्या आधी?"

कान पुन्हा लाल. रिक्षातल्यासारखेच.

"दिसलं," तो म्हणाला.

"मग कशाला आलास?"

खालची खडखड थांबली होती. बहुधा जेवणाची सुट्टी झाली असावी.

"हिरवं दिसलं तेव्हा लई बरं वाटलं," तो म्हणाला. गडबडला की त्याच्या तोंडी गावचं मराठी यायचं. "आणि मग... एकदम रिकामं वाटलं. आता तुझ्याकडं यायला काहीच निमित्त उरलं नाही, असं. निमित्ताशिवाय आलो तर चालेल का, तेवढं विचारायला आलोय. जत्रेच्या आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं, तर तू पाळण्यात बसली नसतीस... अशी भीती वाटली."

"बसले असते," वैजयंती म्हणाली. "भांडले असते, पण बसले असते."

ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. खांद्यावरची बॅग तिनं स्वतः काढून खाली ठेवली.

"तुझी गरज नाही मला. खरंच नाही, तूच तसं शिकवलंस. पण..." आवाज जरा खाली आला, तह मोडल्याचं वाचताना यायचा तसा, पण या वेळी त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. "पण हवायस तू. पुण्यात राहा, कुठंही राहा. दर आठवड्याला ये. आणि आधी सांगायचं ते आधी सांगत जा."

"सांगतो," तो म्हणाला. "आत्ताच सांगतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. आणि तुझ्या अम्माची चटणी मला फार तिखट लागते."

ती हसता हसता त्याच्या खांद्यावर टेकली. धुळीसकट.

खालून नागम्माचा आवाज आला, "एम्मा, मशीन दुरुस्त झालं काय? दोन ताटं वाढू की तीन?"

"तीन!" दोघंही एकदम ओरडले.

तेवढ्यात पुन्हा पूनमचा फोन. वैजयंतीनं स्पीकर लावला.

"ताई, लागलं बगा! समदं ऐकून झालं, आता परत पयल्यापासून लावलंय. उद्याची काय बी काळजी न्हाय."

"शाब्बास. शांतपणे ऐक. आणि लेखनिकाला सावकाश सांग."

पलीकडं पूनम कान देऊन ऐकत होती.

"ताई... तुमचा आवाज आज लई येगळा येतोय की. धड्यातला न्हाय ह्यो."

वैजयंतीनं मल्लिनाथकडे पाहिलं.

"बरं बरं, ऱ्हाऊ द्या," पूनम खुदकन हसली. "कळालं मला. जे कोन हाय तितं, त्यास्नी माजा नमस्कार सांगा."