देऊन टाकलेलं कडवं

सामोआची फेरी करून चर्चची गायक मंडळी तुवालूतल्या आपल्या बेटावर परतली, ती चटया, बिस्किटांचे डबे आणि नवी चाल घेऊनच. रविवारपर्यंत कंद खणणाऱ्या बायकाही तिकडच्यासारखा सूर लांबवू लागल्या. धर्म तिकडून आला, तेव्हा तिकडचं ते भारी, ही बेटाची जुनीच खोड. मंडळींचा म्होरक्या लोतोआला तर नुसता हरखला होता.

बुधवारी सरावाला तो म्हणाला, "आता आपलं घ्या. सुनेमाचं."

सुनेमा त्याची बायको. लेक रांगत असताना तिनं हे स्तोत्र रचलं आणि त्याच वर्षी ती गेली. शेवटच्या कडव्यात लेकीचं नाव होतं.

कुणीच तोंड उघडेना.

"बोटीत गाणीपण ओकून आलात की काय?" लोतोआला हसला आणि स्वतः सूर लावायला गेला. पहिला शब्दच सापडेना.

"निरोपाला हेच गाणं भेट दिलं आपण," मेहुणी पेलेनिके चाचरत म्हणाली. "भावजी, शेवटचं कडवं राखलंत ना?"

पाहुण्यांनी निघताना एक गाणं मागे ठेवायचं, पण शेवटचं कडवं घरी परत न्यायचं, हा बेटाचा रिवाज. नाहीतर गाण्यात जे जे असेल ते त्याच्यामागे निघून जातं, असं म्हातारे सांगत. यजमानांचा तो भरदार खर्ज ऐकून लोतोआलाला गहिवरून आलं होतं. त्या रात्री एकट्यानं बसून त्यानं त्यांना अख्खं गाणं शिकवून देऊन टाकलं होतं.

"एवढ्यानं काय होतंय!" तो म्हणाला, पण तोवर त्याचे पाय घराकडे धावत सुटले होते.

सात वर्षांची लेक दारात गुणगुणत बसली होती. तेच गाणं! त्याला रडूच कोसळलं.

"कुणी शिकवलं गं?"

"आईनं. ती काय, गातेय." तिनं समुद्राकडे बोट दाखवलं. तिथं लाटांशिवाय काही नव्हतं. "खूप जण आहेत, बाबा. शेवटचं कडवं आलं."

ती उठली आणि पाण्याकडे चालू लागली. तो मागोमाग निघाला, पण वाळूत पाऊलच उचलेना.

"थांब! अगं, थांब!"

"नावानं हाक मारा ना," ती पाठमोरीच म्हणाली. "मग थांबते."

त्यानं तोंड उघडलं.

नाव आठवेना.

गुडघाभर पाण्यात ती थांबली, कान देऊन.

मग समुद्राकडे बघत लाडात म्हणाली, "आले गं!"