पडदा जोडलेला आहे

"पडदा निघाला की यंत्राला कळू द्या, शलाकाताई. त्याला खोटं सांगू नका," इस्माईलभाई मुजावर म्हणाले होते. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, आणि रुग्णालयाचे संगणक सांभाळणाऱ्या शलाका बोंद्रेने त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेलं.

त्या संशोधन रुग्णालयात रुग्णाला ठेवायच्या प्रत्येक काचेच्या पेटीपाशी एक राखणयंत्र असे, म्हणजे लिनक्स प्रणालीवर चालणारा छोटा संगणक आणि समोर स्क्रीनचा पडदा. काही बिघडलं तर यंत्राने आधी पडद्यावर विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. पडदाच नसेल, तर विचारत न बसता घंटा वाजवायची, पेटी उघडायची. पण झाडताना केबल जरा हलली तरी पडदा गेला असं समजून घंटा होई, चित्राचं माप १९२०×१०८० वरून १०२४×७६८ वर येई आणि सगळे आलेख एकमेकांवर चढत.

पडदा केबलमधून आपली ओळख आणि आपलं माप सांगतो. शलाकाने ती ओळख एका फाइलमध्ये उतरवून घेतली आणि सुरू होतानाच लिनक्सला बजावलं की हा पडदा कायम जोडलेला आहे. चित्र आता हलेना, घंटाही होईना. संचालक डॉ. केळुसकरांनी ती फाइल आपल्या नावाने चौदा रुग्णालयांना पाठवली. वर हुकूम काढला, की नर्सच्या फोनवर यंत्राकडून 'पडदा जोडलेला' दिसत असेल तर खोलीत फेरी मारायची नाही.

मग शलाकाची मुक्ता सातव्या महिन्यातच जन्मली आणि तशाच एका पेटीत गेली. पाहुण्यांच्या समारंभासाठी केळुसकरांनी तिथला पडदा उचलून नेला. मुक्ताचा श्वास अडकला. यंत्राने नसलेल्या पडद्यावर विचारलं आणि चार मिनिटं वाट बघितली. विसरलेली चावी घ्यायला नर्स परत आली म्हणून पोर वाचली, पण तिचं ऐकणं गेलं.

ती फाइल काढून टाका, असं शलाकाने हात जोडून सांगितलं.

"फाइल तुमची, मूलही तुमचंच," केळुसकर म्हणाले. "यात संस्थेचा काय दोष?"

शलाका नोकरीत राहिली.  दीड वर्षाने केळुसकर प्रयोग म्हणून स्वतःच शीतनिद्रेच्या, म्हणजे शरीर थंड करून दीर्घकाळ झोपवणाऱ्या, पेटीत झोपले. नाडी-रक्तदाबाचे आकडे चांगले असतील तितके दिवस झोपायचं, असं त्यांनी छायाचित्रकारांसमोर जाहीर केलं. राखणीला शलाका होती. बाराव्या दिवशी दुपारी पडद्यावर प्रश्न आला: रक्तदाब घसरतोय, जागं करू?

तिने केबल काढली, पडदा काखेत मारला आणि दार ओढून घेतलं. यंत्र आत उत्तराची वाट बघत राहिलं.

जिन्यात नर्स जयमाला भेटली. सरांना एकदा बघून येऊ का, असं तिने विचारलं.

"फोन काय म्हणतो?"

"जोडलेला आहे. १९२० बाय १०८०."

"मग नियम काय?"

"जायचं नाही," जयमाला हसली आणि चहाला गेली.

त्याच संध्याकाळी शलाकाने बाकीच्या अकरा पेट्यांतून फाइल पुसली. पण त्या चौदा रुग्णालयांपर्यंत तिचा हात पोचत नाही. म्हणून मुक्ताला मांडीवर घेऊन ती तुम्हालाच विनवते आहे: तुमचं कुणी अशा पेटीत असेल तर फोनवर विसंबू नका. उठा, तिथे जा, काचेला हात लावून बघा, समोर खरंच पडदा आहे का ते बघा. आधी आपल्या माणसाकडे जा. केळुसकरांकडे सगळ्यात शेवटी गेलात तरी चालेल.