साताच्या शेजारचा आठ

"आकडे तुमचे, की मशीन देईल ते?"

येणाऱ्या प्रत्येकाला ती हे मान वर न करताच विचारायची. त्या बुधवारी काचेपलीकडून उत्तर आलं, "पाच दुसऱ्यांचे आहेत. आणि सहावा... तोही माझा नाहीच म्हणा."

आता मात्र तिने मान वर केली. समोर एक उंच तरुण उभा होता. केसांवर, भुवयांवर बारीक पांढरी पूड बसलेली. तो आकड्यांचं सोडून तिच्याकडेच बघत होता.

"तुमचा चष्मा डावीकडे झुकलाय," तो म्हणाला.

"लॉटरी काढायला आलात की माझी तपासणी करायला?"

"सवय आहे हो. कोपऱ्यावर चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे ना, तिथे असतो मी. द्या इकडे, एक मिनिट लागेल."

अनोळखी माणसाच्या हातात चष्मा द्यायचं तसं काही कारण नव्हतं. तरी तिने तो खिडकीच्या फटीतून सरकवला. जग धूसर झालं. त्या धूसरपणात त्याची बोटं चष्म्याची दांडी हळूच वाकवत होती, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला तेव्हा तो आधीपेक्षा जरा जवळ उभा आहे असं तिला वाटलं. काच मध्ये होती, म्हणून बरं.

काउंटर तिच्या मामाचं. बस-स्टॉपच्या समोर, एक मशीन आणि जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढं. मामाचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मशीनवर तीच बसायची, मामा दुपारी मागच्या खुर्चीवर येऊन टेकायचा. तिकिटं काय, मशीन छापतं. तिला नाद होता तो आकड्यांमागच्या कारणांचा. वय विचारलं तर फणकारणारी माणसं आकड्याचं कारण मात्र न विचारता सांगतात. टक्कल पडलेले एक गृहस्थ घरातून निघाल्यावर दिसेल त्या पहिल्या गाडीचा नंबर घ्यायचे, आणि पहिली कचरागाडी दिसली तर घरी परत जाऊन पुन्हा निघायचे. एक बाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, तरी त्याचीच जन्मतारीख लावायच्या. म्हणायच्या, "त्या माणसाकडून एकदा तरी काही मिळू दे." निवृत्त मास्तर डोळे मिटून पेपरावर बोट ठेवायचे, आणि बोट निधनवार्तांवर पडलं की तो आठवडा सोडून द्यायचे.

कारखान्याचे सहा जण मिळून एक तिकीट काढायचे. तेवीस ही फोरमनच्या मुलीची जन्मतारीख. अकरा म्हणजे पॉलिशवाल्या मावशी लग्नानंतर ज्या खोलीत राहायला आल्या, तिचा नंबर. हिशेबनीसांचा अडतीस, कारण जन्मतारखा लावणारे एकतिसाच्या पुढे जातच नाहीत आणि बक्षीस वाटून घ्यायची वेळ येत नाही, हा त्यांचा हिशेब. पॅकिंगमधल्या दोघींचेही असेच आपापले. आणि त्याचा सात.

"सातच का?" तिने दुसऱ्या बुधवारी विचारलं.

"माझ्या आधी तिथे जे आजोबा होते त्यांचा तो. ते निवृत्त झाले. मला त्यांचं स्टूल मिळालं, ॲप्रन मिळाला आणि सात मिळाला."

"मग स्वतःचा घ्या की एखादा."

"आमच्याकडे नियम कडक आहे. आकडा बदलायचा तर सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं. पटलं तर बदल, नाही तर गप्प बसा. माझ्याकडे सांगण्यासारखं कारण कुठाय?" एवढं बोलून तो थांबला. "म्हणजे... आहे तसं. पण सगळ्यांसमोर नाही सांगता येणार."

ती खुदकन हसली आणि तिकीट पुढे केलं. कारण काय ते तिने विचारलं नाही. दिवसभर मात्र तेच डोक्यात घोळत राहिलं.

असे किती बुधवार गेले ते तिने मोजलं नाही. इतर वारी तिचा डबा वेळेवर संपायचा, बुधवारी मात्र तो अर्धा तसाच घरी परत जायचा. मामाच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं, पण तो भला माणूस. गुडघे चोळत दुसरीकडे बघायचा.

आणि अशातच आत्याने स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, बोलायला मऊ. एकदा चहाला येऊन गेला आणि कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला, त्यावर आईने तर जीवच टाकला. गुरुवारी संध्याकाळी आत्या उत्तर न्यायला येणार होती. काउंटरवरून घरी आल्यावर ती आईला म्हणाली, मला नको वाटतंय. आई म्हणाली, नको तर नको, जबरदस्ती नाही. पण कारण सांग, मी तुझ्या आत्याला काय तोंड दाखवू? मुलात खोट काय? तिने खूप शोधली. एकही सापडली नाही. नुसत्या 'नको'वर घर थांबत नाही. गुरुवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर होकार गेल्यातच जमा होता.

आदल्या दिवशी, बुधवारी, तो आला तेव्हा बाहेर भुरभुर लागली होती. त्याच्या केसांतली पूड ओली होऊन कपाळावर ओघळली होती.

"आज हसणं बंद का?" त्याने विचारलं.

तिने सांगून टाकलं. खाली बघत, आकडे दाबता दाबता. स्थळ, बँक, कप, गुरुवार, सगळं.

"मग... नाही म्हणा."

"कारण काय सांगू?"

तिकीट बाहेर आलं, त्याने ते उचललं, त्यावर नजर टाकली आणि तसाच उभा राहिला. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि 'येतो' एवढंच म्हणून निघून गेला. तिला त्याचा राग आला. बुधवारामागून बुधवार बडबडणाऱ्या माणसाची आजच वाचा बसावी?

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत कारखाना काउंटरवर चालून आला. फोरमन पुढे, मावशी, हिशेबनीस आणि पॅकिंगवाल्या दोघी मागे, आणि सगळ्यांच्या शेवटी तो. काल रात्रीच्या सोडतीत तेवीस आला होता, अकरा आला होता, अडतीस आला होता आणि सातही आला होता. चार आकडे जुळले असते तर सहाही घरांत नवं काहीतरी आलं असतं. पण तिकिटावर सात नव्हताच. आठ होता. तीनच आकडे जुळले, आणि तिनावर चहापुरतेच पैसे मिळत होते.

तिने तिकीट हातात घेतलं आणि मशीनकडे पाहिलं. मशीनवर साताच्या शेजारी आठ असतो. बोलता बोलता तिचं बोट सरकलं होतं. आतल्या खुर्चीवरून मामा उठू लागला.

"मीच बदलला," मागून तो म्हणाला. "मीच सांगितलं यांना, आठ लावा."

सगळे वळले. एवढी वर्षं सांभाळलेला सात! फोरमनने हाताची घडी घातली. "नियम ठाऊक आहे ना? मग कारण सांग. आणि पटेल असं सांग, कारण मी आज नव्या फ्रिजवर पाणी सोडून आलोय."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग फोरमनकडे बघूनच बोलला, पण आवाज काचेच्या आतपर्यंत येत होता.

"आठ नंबरच्या बसने या येतात. सकाळी मी समोरच्या स्टॉपवर उभा असतो. बस येते, या उतरतात, पर्समध्ये किल्ली शोधतात, ती कधीच पहिल्यांदा सापडत नाही. कुलूप उघडून आत गेल्या की मी कामाला जातो. मला दुसरा कुठलाच आकडा आपला वाटत नाही."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मशीनची चालू-बंद होणारी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती.

"तरीच," फोरमन म्हणाला. "कोपऱ्यावर सगळ्यांच्या आधी पोचतो आणि आत सगळ्यांच्या नंतर येतो. मी समजत होतो पोट बिघडतंय."

मावशी आधी हसल्या, मग पॅकिंगवाल्या दोघी. हिशेबनीसांनी चहाच्या पैशांचे सहा भाग होत नाहीत हे जाहीर केलं. फोरमन कुरकुरला, पण कारण पटत नाही असं काही तो म्हणू शकला नाही. ते निघाले तेव्हा ती खुर्चीवरून उठली.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांनी बदलला नव्हता. माझं बोट चुकलं. त्यांनी मला सांभाळून घेतलं."

फोरमनने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पोरी," तो म्हणाला, "फ्रिज गेला तो गेलाच. आता कोणामुळे गेला ते तुम्ही दोघं मिळून ठरवा." आणि सगळ्यांना हाकत घेऊन गेला.

तो मात्र तिथेच राहिला. भुरभुर कालसारखीच चालू होती.

"कालच दिसलं होतं ना तुम्हाला?" तिने विचारलं. "बघितलंत तिकीट, मी बघत होते."

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"सात सांगायला तोंड उघडलं होतं. मग आठ बघितला आणि... म्हटलं, राहू दे. इतके दिवस सांगायचं धाडस झालं नाही, ते तुमच्या बोटाने केलं."

"म्हणजे बसचं ते... वेळ मारून न्यायला नव्हतं?"

"वेळ मारून न्यायची असती तर म्हटलं असतं, भावाचा वाढदिवस. फ्रिजच्या बदल्यात एवढं लाजिरवाणं कोण बोलेल?"

ती हसली. काल दिवसभराचं साठलेलं सगळं त्या हसण्यात आलं, आणि डोळ्यांतही थोडं आलं. तिने चष्मा काढून पुसला. दिसत काही नव्हतं, पण तो कुठे उभा आहे ते पक्कं ठाऊक होतं. मग तिने फोन उचलला आणि त्याच्या देखत आईला लावला.

"आई, आत्याला नाही म्हणून सांग."

पलीकडून आईचा तोच प्रश्न आला. मुलात खोट काय?

"त्याच्यात काहीच खोट नाही गं. चांगला आहे तो. पण मला दुसरा आवडतो."

मामाने आत खुर्ची जोरात सरकवली आणि खोकल्याचं सोंग आणलं. काचेबाहेर तो ओल्या केसांनी, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

"कोण?" आईने विचारलं.

"चष्म्याच्या काचा घासतो. आणि रोज सकाळी मी बसमधून उतरेपर्यंत थांबतो. उतरले की कामाला जातो. मला आजच कळलं, आई."

आत्याचा चेहरा आईच्या डोळ्यांसमोर आला असणार. मग एक सुस्कारा ऐकू आला.

"उद्या थांबू नको म्हणावं त्याला स्टॉपवर," आई म्हणाली. "इकडे घरी ये म्हणावं. मला बघू दे."