दिगंबरची पाऊलवही

सकाळचे साडेसहा वाजले होते. मिरजेच्या मैदानावर दिगंबर चौगुले गुडघ्यांवर बसून इतरांचे बूट तपासत होता. तेहतीस वर्षांचा, बुटका, घट्ट बांध्याचा दिगंबर विशेष खेळाडूंच्या चालण्याच्या संघाचा कप्तान होता. प्रत्येक बुटात हात घालून आतली पातळ निळी गादी नीट बसली आहे ना, हे तो चाचपायचा आणि मग त्या खेळाडूच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "जा!"

त्या गादीला सगळे 'पाऊलवही' म्हणत. टाच कधी टेकली, भार कुठून कुठे सरकला, पाऊल उचलायला किती वेळ लागला, हे सगळं ती टिपून ठेवायची. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंची तब्येत वयाबरोबर कशी बदलते, याचा अभ्यास इथे सहा वर्षं चालू होता. उज्ज्वला मगदूम त्याची समन्वयक होती. एकशे चाळीस खेळाडू, त्यांच्या घरचे लोक, डॉक्टर आणि प्रशिक्षक यांना एकत्र बांधून ठेवणं हे तिचं काम. कोण सुई पाहून रडतो, कुणाला रक्तदाबाच्या पट्ट्याची गुदगुली होते, हे तिला तोंडपाठ होतं.

आज मात्र ती बाकावर बसून मैदानाकडे बघायचं टाळत होती. मांडीवरच्या टॅबवर दिगंबरच्या नावापुढे एक काळी पट्टी उमटली होती.

आदल्या आठवड्यात अभ्यासाचे प्रमुख डॉ. मुजावर यांनी नवी विश्लेषणप्रणाली बसवली होती. तिने सहा वर्षांची कोट्यवधी पावलं पुन्हा वाचून काढली. माणसाची स्मृती ढासळू लागते, त्याच्या किती तरी आधी त्याच्या चालीतला ताल बिघडतो. दोन पावलांमधलं अंतर केसभर कमीजास्त होतं, वळणावर पाऊल क्षणभर अडखळतं. डोळ्यांना ते दिसत नाही. या प्रणालीला दिसतं.

उज्ज्वलाने पुन्हा एकदा आकडा पाहिला. विस्मृती उघड दिसायला दीड ते तीन वर्षं.

दुपारी ती डॉ. मुजावरांच्या खोलीत गेली, तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"पाहिलंत ना?" त्यांनी विचारलं.

"चूक असेल, सर. तो किती व्यवस्थित चालतो!"

"मी तीनदा तपासलं. शंभरातल्या नव्वद वेळा ही प्रणाली बरोबर ठरते." मग खुर्चीत बसत ते म्हणाले, "दिगंबरला आहे त्या डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. त्याच गुणसूत्रामुळे मेंदूत एक प्रथिन जास्त साचतं. म्हणून विस्मृतीचा आजार यांना लवकर गाठतो, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं. कुणाला आणि कधी, ते माहीत नव्हतं. आता कळतंय. नऊ जण आहेत, उज्ज्वलाबाई."

नऊ.

"औषध?"

"आहे. वेग कमी करतं म्हणतात. पण त्याच्या चाचण्यांत अशा एकाही माणसाला घेतलं नव्हतं. यांना ते तारेल की मारेल, कुणाला ठाऊक? चाचणी नव्याने करावी लागेल, आणि त्यात यायचं तर त्यांना स्वतःला हे माहीत असायला हवं." त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. "शिवाय हे आहेच."

तो कागद तिनेच तयार केलेला होता. सहा वर्षांपूर्वी, वाचता न येणाऱ्यांनाही समजावं म्हणून तिने चित्रांचं संमतिपत्रक बनवलं होतं. शेवटचा प्रश्न होता : काही वाईट सापडलं, तर आधी कुणाला सांगायचं? खाली तीन चित्रं होती, डॉक्टरांचं, घरच्यांचं आणि आरशात पाहणाऱ्या माणसाचं. दिगंबरने आरशाभोवती इतक्या जोरात गोल काढला होता की कागद फाटला होता. त्या दिवशी तिला स्वतःच्या कल्पकतेचं केवढं कौतुक वाटलं होतं! आज तो गोल बघवत नव्हता.

"अजून कुणाला सांगू नका," डॉक्टर म्हणाले. पण तेवढ्यात दारात शकुंतलाअक्का उभी दिसली.

शकुंतला म्हणजे दिगंबरची थोरली बहीण. आईवडील गेल्यापासून तिनेच त्याला सांभाळलं होतं. ती तिमाही तपासणीची तारीख विचारायला आली होती. दोघांचे चेहरे पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"माझ्या दिगूचं काय निघालं?"

उज्ज्वला म्हणाली, "अक्का, आम्हाला आधी त्याच्याशी बोलायचंय."

"म्हंजे वाईटच हाय." अक्का भिंतीला टेकली. "त्याला काय बी सांगू नका, मॅडम. तुमच्या पाया पडते. तुम्ही सांगून घरी जाशीला. रोज जेवताना त्यो मला इचारंल, अक्का, मला काय झालंय? मी काय सांगू?"

अक्का गेल्यावरही उज्ज्वला त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. न सांगणं किती सोपं होतं! टॅबवरची ती काळी पट्टी, तिच्याशेजारचं 'नंतर पाहू'चं बटण, आणि सगळं पुढच्या वर्षावर. तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण तिचं बोट त्या बटणापर्यंत खरोखरच गेलं होतं. सहा वर्षं ती या लोकांना सांगत आली होती, तुमचं शरीर तुमचं आहे, उत्तरही तुमचंच. ते खोटं ठरवायला एवढासा क्षण पुरला असता.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तिने दिगंबरला बाकावर बोलावलं. रात्रभर बसून काढलेली चित्रं तिच्या पिशवीत होती. तिने पहिलं चित्र बाहेर काढलं. एक डोकं, आत दिवे, त्यातले काही मंद.

"दिगंबर, पाऊलवहीत काही तरी दिसलंय. तुझ्याबद्दल. तू सांगितलं होतंस, आधी तुला सांगायचं. ऐकायचंय का आज? नको असेल तर..."

"मला माहीत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

त्याने खिशातून मूठभर खडे काढले आणि बाकावर ठेवले. "फेऱ्या इसरतोय. दिवाळीपासनं. एक फेरी झाली की एक खडा टाकतो खिशात." त्याने आवाज खाली आणला. "परवा घरची गल्ली इसरलो. लई भ्या वाटलं. कुणाला बोललो नाय. तुम्ही संघातनं काढशीला म्हणून."

सगळी प्रणाली, सगळे तक्ते, एवढे डॉक्टर, आणि हा माणूस कित्येक महिने एकटाच खिशात खडे घेऊन घाबरत फिरत होता. कुणी विचारलंच नव्हतं.

तिने एकेक चित्र दाखवत सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही. औषधाबद्दल काय माहीत नाही, तेही. दिगंबर ऐकत राहिला. मध्येच त्याने तिचा दंड धरला आणि इतका घट्ट आवळला की तिला दुखलं, पण तिने सोडवून घेतला नाही.

"कप्तान?" त्याने विचारलं.

"तूच. काढणार नाही."

त्याने बाकावरचे खडे एकेक करून पुन्हा खिशात भरले. मग म्हणाला, "आणखी कोण कोण?"

"ते नाही सांगता येणार."

"बरोबर. त्यांचं त्यांना सांगा. पण लवकर. एकटं भ्या वाटतं." त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "ताई, तुमचं काय आलं?"

"माझं?"

"पाऊलवहीत."

ती बोलायला गेली. हा अभ्यास खेळाडूंचा आहे, मी त्यात बसत नाही, अशी दोनतीन वाक्यं तयार होती. सगळी खरी होती. पण कपाटात जादा गाद्या पडून होत्या, तिच्या मापाच्याही, आणि सहा वर्षांत तिने त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. तिची आई शेवटची चार वर्षं तिला नावाने ओळखत नव्हती.

"मी कधी घातलीच नाही," ती म्हणाली. "भीती वाटते, दिगंबर."

तो उठला. सामानाच्या खोलीत जाऊन निळ्या गाद्यांची एक जोडी घेऊन आला. गुडघ्यांवर बसला आणि तिच्या बुटाची नाडी सोडू लागला. उज्ज्वलाने पाय मागे घेतला. तो थांबला, घाई केली नाही. थोड्या वेळाने तिने पाय पुढे केला.

"किती दिवस चालावं लागतंय?" त्याने गादी चाचपत विचारलं.

"निदान वर्षभर. रोज."

"मी येतो संगं. रोज आठवण करीन." त्याने नाडी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत भीती तशीच होती.

"आन मी इसरलो, तर तुम्ही मला न्यायला येशीला न्हवं?"