वायरमनचा फोन

मोबाइल खिशात घाला आधी. सगळ्यांनी. आणि तू, परवा परदेशी निघालेला, तू असा पुढे येऊन बस. ही गोष्ट तुझ्या कामाची आहे. ऐकीव नाही बरं का. ज्याच्यावर बेतली तो फिटर माझ्याच हाताखाली काम शिकलेला. त्याला थापा मारता आल्या असत्या तर आज साहेब होऊन बसला असता.

तर तिकडे परदेशात एका खोलीत सहा जण राहायचे. त्यात हा फिटर आणि त्याचा जिवाभावाचा वायरमन. बारा वर्षं एका ताटात जेवलेले. अकरा डिसेंबर, बुधवार. दुपारी कामावर वायरमनच्या छातीत कळ आली, खाली बसला तो उठलाच नाही. संध्याकाळी फिटर दवाखान्यात गेला. शवागारात ओळख पटवली, सही केली आणि त्याच्या वस्तू ताब्यात घेतल्या. पाकीट, चष्मा, फोन. साहेबाला म्हणाला, घरी मीच कळवतो. साहेबाला तेवढंच हवं होतं.

परतताना बसमध्ये तो फोन थरथरला. वायरमनच्या बायकोचा मेसेज. ‘अहो, जेवलात का? पोरीची साडी आली, फोटो पाठवलाय.’

येत्या रविवारी वायरमनच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं. बापाला रजा मिळाली नव्हती. फिटरला वाटलं, आत्ता कळवलं तर मांडवात रडारड, कदाचित लग्नच मोडायचं. आणि कागदपत्रं होऊन मयत घरी जायला आठ दिवस लागणारच होते. मग चार दिवस थांबलं तर काय बिघडतं, असं त्याने स्वतःला समजावलं. फोनला कुलूप नव्हतं. त्याने वायरमन होऊन लिहिलं, ‘जेवलो. साडी छान. इथे नेट धड नाही, कॉल लागायचा नाही.’

इथेच गाढव चुकला. चांगल्या मनाने चुकला, पण चुकला.

गुरुवार निभावला. शुक्रवारी रात्री साडेदहाला वहिनींनी, म्हणजे वायरमनच्या बायकोने, विचारलं, ‘सासूबाईंच्या बांगड्या कुठे ठेवल्यात? अख्खं घर पालथं घातलं.’ आता हे फिटरला काय कप्पाळ माहीत! त्याने उत्तरच दिलं नाही. रोजच्यासारखा फोन पेटीत टाकला, पेटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि झोपला.

सकाळी पेटी उघडली. त्या प्रश्नाखाली उत्तर गेलेलं होतं. ‘शिलाई मशीनच्या खालच्या खणात. माझ्या जुन्या मफलरमध्ये.’ वेळ, रात्री दोन वाजून दहा मिनिटं. त्याखाली वहिनींचं, ‘सापडल्या.’

फिटरने खोलीतल्या बाकी चौघांना फैलावर घेतलं. चौघांनी आईची शपथ घेतली. आणि किल्ली तर याच्याच गळ्यात होती ना! पण बोलतो कोणाला? एक खोटं लपवायचं तर दुसरंही गिळावं लागतं. त्याने गिळलं.

रविवारी लग्न पार पडलं. फोटोत पोरगी हसत होती. ते हसू बघून फिटर संडासात जाऊन रडला. ठरवलं, उद्या सकाळी सांगून टाकायचं. त्या रात्री फोन पेटीत, पेटी खाटेखाली, किल्ली मुठीत.

दोनच्या सुमाराला जाग आली.

तो भिंतीकडे तोंड करून निजला होता. मागे खाट करकरली. कडेला कोणी बसलं की करकरते, तशी.

वाटलं, चौघांपैकी कोणी असेल. कान दिला. चौघांचं घोरणं आपापल्या जागेवरून येत होतं. चारही.

पाठीला गारवा लागला. शवागाराच्या दारात लागला होता तोच...

हाक मारायला तोंड उघडेना.

मग केसांवर काहीतरी टेकलं. जड. थंड.

ते हललं नाही...

यानेही डोळे उघडले नाहीत. पार उजाडेपर्यंत.

उजाडल्यावर खोलीत सगळं जागच्या जागी. त्याने स्वतःच्या फोनवरून वहिनींना फोन लावला. म्हणाला, “वहिनी, आधी बसून घ्या. मला माफ करा. तो बुधवारीच गेला.”



मग वहिनी हळू आवाजात सांगायला लागल्या. पहाटे नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला होता. पाऊण तास चालला. एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघत होते. जबड्याला फडकं बांधलेलं होतं. दाढ दुखते का म्हणून विचारलं, तरी गप्पच. मग वहिनींनीच लग्नाची सगळी हकीकत सांगितली. पोरगी निघताना कशी बिलगली, तेसुद्धा.

शवागारात ते फडकं फिटरने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“शेवटी फोन फिरवून तुम्हाला दाखवलं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही झोपला होतात. त्यांचा हात तुमच्या डोक्यावर होता. भाऊजी... मग मी पाऊण तास कोणाशी बोलले?”

फिटरच्या हातातून फोन गळून पडला. तो उचलायला वाकला, तेव्हा उशीकडे लक्ष गेलं.

दवाखान्यात मनगटाला बांधतात ना, प्लॅस्टिकची पट्टी? ती तिथे पडली होती. वर वायरमनचं नाव आणि बुधवारची तारीख. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, शवागारातला त्याचा कप्पा बुधवारपासून उघडलेलाच नाही.

ती पट्टी फिटरने अजून जपून ठेवलीय. मी हातात घेऊन पाहिलीय. कुठे कापलेली नाही, जोड निघालेला नाही, सगळी अखंड. आणि त्या गोलातून माझी चार बोटंसुद्धा जात नाहीत.