सत्त्याऐंशी नंबरची क्लिप

थापा मारायची मला हौस नाही. ज्याला खोटं वाटतंय त्याने इथेच थांबावं.

मी भावेश. मुरबाडला माझं लग्नाचे व्हिडिओ बनवायचं दुकान आहे. हे घडलं मागच्या मे महिन्यात, मंगळवारी, भर दुपारी. रात्र असती तर झोपेत होतो म्हणून सोडून दिलं असतं.

चार वाजता गिरजाकाकू येणार होत्या. म्हसा गावात त्यांच्या पूजाचं लग्न मी एकट्यानेच शूट केलं होतं. लग्नाला नऊ दिवस झाले आणि पूजाचे वडील, नवसूकाका, गेले. पाठवणीच्या वेळी ते लेकीशी दोन शब्द बोलले होते. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता.

"एकदा ऐकव रे बाबा," काकू फोनवर रडत होत्या.

जुनी ड्राइव्ह आचके देत होती, म्हणून सकाळीच एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि सगळं शूटिंग नव्या ड्राइव्हवर हलवलं. प्रोजेक्ट उघडला तर...

सगळं लाल. फाइल सापडत नाही!

एकशे त्रेचाळीस क्लिप. मेलं सॉफ्टवेअर जुन्याच जागी शोधत बसलं होतं. कुणाची कटकट नको म्हणून शटर आतून खाली ओढलं आणि एकेक फोल्डर दाखवत गेलो. लाल खुणा भराभर गेल्या.

एक राहिली. सत्त्याऐंशी नंबर.

नवसूकाकांची.

जुनी ड्राइव्ह पुन्हा लावली. टक्... टक्... टक्... तिच्यात ती क्लिप होती. जीव भांड्यात पडला. लिंक जोडली, प्ले केलं.

चित्र काळं.

आवाज मात्र होता... कुणीतरी पत्रा बडवत होतं.

"उघडा! अरे कुणीतरी उघडा!"

तो आवाज माझा होता.

आईशप्पथ, मी असा कधी ओरडलोच नव्हतो.

पंखा थांबला होता. स्क्रीन चालू, पण पंखा बंद. बाहेर एसटी स्टँडचा गोंगाट असतो दिवसभर... तोही नाही.

शटर उचलायला धावलो. कुलूप नव्हतं, तरी तसूभर हललं नाही. मोबाइलला रेंज नाही. श्वास कोंडायला लागला. मी पत्रा बडवला, जीव खाऊन ओरडलो, "उघडा! अरे कुणीतरी उघडा!"

तोंडातून गेल्यावर कळलं, मी काय ओरडलो ते.

किती वेळ गेला माहीत नाही. शटर वर गेलं, अगदी अलगद. बाहेर गिरजाकाकू.

"काय रे, आत कोंडून घेतलंस? केवढा घामाघूम झालास!"

"काकू, केव्हाचा ओरडतोय मी!"

"मी कवाची हितं पायरीवर बसलेय. काय ऐकू नाय आलं."

तेवढ्यात मागून नवसूकाका बोलले.

स्क्रीनवर मांडव दिसत होता. काका पूजाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "रडू नको गो. मी येतो ना भेटायला."

काकू पोटभर रडल्या. मग डोळे पुसून पुढे वाकल्या.

"यांच्या मागं तूच ना रे? हात कसले आपटतोस?"

मांडवाच्या मागच्या कापडाजवळ मी उभा होतो. अंगात त्या मंगळवारचाच शर्ट. हवेत मुठी आपटत होतो, तोंड वासून.

लग्नात कॅमेरा माझ्याच हातात होता.

काकू ती क्लिप मोबाइलमध्ये घेऊन गेल्या. परवा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "रोज दुपारी लावते मी. यांचं बोलणं संपतं रे, पण तू काय थांबत नाय."

पुसून टाका म्हणायला माझं तोंड उघडत नाही. नवऱ्याचा आवाज तेवढाच आहे त्यांच्याकडे.

दुकानाचं शटर काढून मी काचेचं दार बसवलंय. तरी रोज दुपारी, काकू ती क्लिप लावतात त्या वेळेला... माझा श्वास कोंडतो.